गाळणं नळाला, ॲसिड मोरीला



आज जरा कडक लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते. दशलक्षण पर्व तोंडावर आलं की आपल्या महिला मंडळांच्या ग्रुपवर घर आवरायच्या युक्त्यांचा पूर येतो. त्यात एक हटकून असते: तुंबलेली मोरी पाच मिनिटांत मोकळी. बाटली उलटी करायची, दार ओढून घ्यायचं, फेस निवला की वरून दोन बादल्या पाणी. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, 'छान माहिती', 'करून बघते'. ज्या घरात दुहेरी छन्न्यातून गाळल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात जात नाही, त्याच घरातून ही युक्ती पुढच्या पन्नास घरांत जाते.

रत्नकरंड श्रावकाचार आपण स्वाध्यायाला लावतो. आचार्य समंतभद्रांनी त्यात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. पापोपदेश म्हणजे हिंसा होईल असा सल्ला देणं. हिंसादान म्हणजे हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती देणं. प्रमादचर्या म्हणजे विनाकारण पाणी सांडणं, माती उकरणं, अग्नी पेटवणं असली निष्काळजी कामं. आता मला सांगा, ॲसिडची युक्ती पुढे पाठवणं कशात बसतं? ती बाटली भांडीवालीच्या हातात देऊन 'तेवढं मोरीत ओत गं' म्हणणं कशात बसतं? आणि गेले चार महिने ठिबकणारी न्हाणीतली तोटी?

घरच्या नळकामात आपण ज्या चुका करतो त्यांचं मूळ मला एकच दिसतं. ते म्हणजे भागवून घेणं. ठिबकतंय, आवळ. गळतंय, लिंप. तुंबलंय, जाळ. पाणी कुठून येतंय, का येतंय, हे बघायचं नाही. दिसायचं बंद झालं की काम झालं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमत्त योगापासून सुरू होते, हे आपल्याला पाठ आहे. ते मोरीपाशी का थांबतं?

ठिबकणाऱ्या तोटीचंच घ्या. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. चार हजार थेंबांचा एक लिटर धरला तरी वीस लिटरच्या वर, म्हणजे मोठी बादली भरून पाणी रोज जातं. यावर घरोघरी उपाय काय, तर तोटी आणखी जोरात आवळायची. घरातल्या पुरुषमाणसाला हाक मारून 'जरा घट्ट बंद करा हो' म्हणायचं. जुन्या फिरवायच्या तोटीत आत रबरी वॉशर असतो. तो झिजला की पाणी ठिबकतं. जितकं आवळाल तितका तो चिरतो, आणि त्याची पितळी बैठकही खरवडली जाते. मग दहा-वीस रुपयांच्या वॉशरचं काम अख्ख्या तोटीवर जातं. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या तोट्यांत वॉशर नसतो, चिनीमातीच्या दोन चकत्या असतात. त्यांच्यामध्ये वाळूचा कण अडकला की ठिबक सुरू. तिथे आवळून काहीच होत नाही. कॉक बंद करून आतला भाग काढायचा, धुवायचा, तरीही थांबत नसेल तर बदलायचा. पंधरा मिनिटांचं काम आहे हे, आणि बाईमाणसाला न जमण्यासारखं त्यात काय आहे? शेवया, कुरडया, सोऱ्याचे आटे सांभाळणारे आपले हात आहेत.

आट्यांवरून आठवलं, टेफ्लॉन टेप. पांढरी टेप म्हणजे सर्व दुखण्यांवर अंगारा झाली आहे. ती आट्यांवर, आणि जोड आवळताना ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने गुंडाळायची असते. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटत जाते. आणि वॉशबेसिनखालच्या त्या लवचीक पाइपाच्या टोकाला रबराचा वॉशर असतो. पाणी तो वॉशर अडवतो, आटे नाही. तिथे अर्धं बंडल टेप गुंडाळून काही उपयोग नाही. वॉशर जागेवर आहे का, तिरका बसला आहे का, एवढंच बघायचं. बेसिनखाली डब्यात पाणी साठवत महिनोन् महिने काढणाऱ्या घरांत नव्वद टक्के वेळा… जाऊ दे, टक्के मी मोजलेले नाहीत. पण तुम्ही एकदा तो वॉशर बघा.

आता मुख्य गोष्ट. मोरी.

मोरी तुंबते ती मोरीच्या वैरामुळे नाही. आपण तिला तूप, तेल, कणीक आणि भात खायला घालतो म्हणून तुंबते. गरम तूप पाण्याबरोबर खाली जातं, पाइपात थंड झालं की थिजतं, त्याला कणकेचा चिकटा आणि भाताची शितं धरतात. पर्वात, पारण्याच्या दिवशी, पाहुणे असताना हे जास्त होतं. यावर ॲसिड ओतून काय होतं? बाजारात मिळणारं फरशी धुण्याचं ॲसिड तुपाचं काही वाकडं करत नाही. ते फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खातं, संगमरवर खातं, जाळीचा मुलामा खातं, स्टीलच्या सिंकला डाग पाडतं, आणि वाटेत जे जे जिवंत असेल ते मारतं. तूप जिथल्या तिथे. कॉस्टिक सोड्याची पावडर तुपावर चालते खरी, पण ती पाण्यात पडली की उकळी फुटावी इतकी तापते. तोंडावर उडाली तर डोळा जातो. अर्धवट विरघळलेलं तूप साबणाच्या गोळ्यासारखं पुढच्या वळणावर पुन्हा थिजतं. आणि एकीने ॲसिड ओतलं, दुसरीने वास जावा म्हणून वरून ब्लीचिंगचं पाणी ओतलं, तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो श्वासात गेला तर दवाखानाच गाठावा लागतो.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तीव्र ॲसिडच्या खुल्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. घेणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवायचा, ओळखपत्र बघायचं. ती का घालावी लागली हे कोणत्याही बाईला सांगायला नको. आणि आपल्या गल्लीत हातगाडीवर बिनलेबलाच्या, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांत ॲसिड मिळतं. आपण ते घेतो आणि मुलांच्या हाताला लागेल असं न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवतो.

सर्वात वाईट भाग याच्या पुढचा. ॲसिड ओतलं, सोडा ओतला, तरी मोरी मोकळी झाली नाही. मग प्लंबरला फोन. तो बिचारा येतो, खाली बसतो, हात घालून पाइप सोडवतो. पाइपात साठलेलं ते पाणी त्याच्या हातावर, तोंडावर येतं. आपण त्याला सांगितलेलं असतं का, की आत काय ओतलंय? 'सांगितलं तर जास्त पैसे मागेल' असं एका काकूंनी मला तोंडावर सांगितलं. त्या काकूंचा रात्रिभोजनत्याग आहे, कंदमूळ घरात येत नाही. मी त्यांच्याशी वाद घातला, तो आज इथे सर्वांशी घालते आहे. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवाची काळजी आणि समोर बसलेल्या पंचेंद्रिय माणसाच्या हाताची नाही, हा कोणता हिशोब?

सिंकखाली बाटलीसारखा दिसणारा भाग असेल तर त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात. खाली बादली ठेवायची, बाटलीचा खालचा पेला हाताने फिरवून काढायचा. सगळा राडा त्यातच साठलेला असतो. काढायचा, झाडांच्या बुडात टाकायचा, पेला पुसायचा, रबरी कडी नीट बसवून परत लावायचा. दहा मिनिटं. पाइपात पुढे तुंबलं असेल तर लांब स्प्रिंग मिळते, हार्डवेअरच्या दुकानात मागा. रबरी पंपाने चार वेळा दाबून ओढलं तरी बहुतेक वेळा काम होतं. आणि तूपकट भांडी धुण्याआधी जुन्या कागदाने किंवा कोंड्याने पुसून घेतली तर ही वेळच येणार नाही.

इथे कोणीतरी म्हणणार, अहो, गृहस्थाला आरंभी हिंसा सुटत नाही. स्वयंपाक आला, झाडलोट आली, मोरी आली. बरोबर आहे. सुटत नाहीच. पण आरंभी हिंसेची सूट ही यत्नाचाराच्या अटीवर आहे. जे पाना फिरवून होतं ते ॲसिडने करणं ही अपरिहार्यता नाही, आळस आहे. आणि पेल्यातला गाळ हाताने काढणं किळसवाणं वाटतं म्हणून जर ॲसिड येत असेल, तर ते किळशीचं काम आपण जिवांवर आणि प्लंबरवर ढकलतो एवढंच.

दुसरं कोणी म्हणेल, मग उकळतं पाणी ओतू, ते तरी चालेल? नाही चालणार. आपल्या सासवा-आज्या ऊन पाणी, भाताची गरम पेज कधी मोरीत ओतू देत नसत. आधी निवू दे, मग ओत. ते जिवांसाठी होतं. पण सिंकखालचा पांढरा-करडा पीव्हीसी पाइपही उकळत्या पाण्याने मऊ पडतो, जोड ढिले होतात, पाइप मध्येच वाकून झोळ येतो, आणि त्या झोळात पुन्हा राडा साठतो.

आता ट्रॅपची दुसरी गोष्ट. तुंबतो म्हणून तो काढूनच टाकणारी घरं मी पाहिली आहेत. लवचीक पाइप सरळ भिंतीतल्या भोकात खुपसला, सुटलो. पण ट्रॅपच्या वळणात कायम थोडं पाणी थांबलेलं असतं, ते उगाच नसतं. गटाराचा वास आणि झुरळं यांना घरात यायला तेवढंच पाणी अडवतं. ट्रॅप काढला की काही दिवसांत ओट्यावर झुरळं. मग? मग फवारा. पाहिलंत ना, साखळी कुठे गेली ती? एक प्लॅस्टिकचं वळण काढलं, आणि जैन घरातल्या फडताळात कीटकनाशकाचा डबा आला. पाइप आणि भोक यांच्यामधली फट उघडी ठेवणं हेही तसंच. हार्डवेअरच्या दुकानात त्यासाठी रबरी बूच मिळतं. शिखरजीला किंवा श्रवणबेळगोळला पंधरा-वीस दिवस जाणार असाल तर न्हाणीच्या ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात आटतं. जाताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतून जाळीवर झाकण ठेवा. परत आल्यावर 'घर बंद होतं म्हणून झुरळं झाली' असं म्हणून फवारत बसावं लागणार नाही.

नळाला बांधलेल्या पिशवीबद्दलही बोलायला हवं. बोलले की काही जणी रागावतात, तरीही. पाणी गाळल्यावर गाळणं गाळलेल्याच पाण्याने खळबळून जिवाणी मूळ पाण्यात परत सोडायची, अशी आपली रीत. विहिरी होत्या तेव्हा ती जमत होती. आता नळाच्या तोंडाला पिशवी कायमची बांधली की आपण निवांत. ती सकाळी ओली, दुपारी सुकते. तिच्यात अडकलेल्यांचं काय झालं? ती रोज सोडायला, खळबळायला नको? आणि पिशवी लांब असेल, बादलीतल्या पाण्यात बुडत असेल, तर आणखी एक धोका. नळात थेट नगरपालिकेची लाइन असेल आणि तिच्यातला दाब अचानक उतरला, तर बादलीतलं पाणी उलट पाइपात ओढलं जातं. नळाला लावलेली, टबात बुडलेली रबरी नळी तर हे हमखास करते. म्हणून नळाचं तोंड आणि बादलीतलं पाणी यांत चार बोटं तरी हवा मोकळी असावी.

दाब अचानक का उतरतो? शेजारी मोटर लावतो म्हणून. किंवा आपण लावतो म्हणून. थेट लाइनला मोटर जोडणं हे 'घरीच करून घेतलेलं' काम आपल्या भागात इतकं सरसकट झालं आहे की त्यात काही चूक आहे असंही कोणाला वाटत नाही. पाण्याची लाइन बऱ्याच ठिकाणी गटाराशेजारून जाते, जुनी असते, गळकी असते. लाइनमध्ये दाब असतो तोवर पाणी बाहेर गळतं. मोटरने खेचलं की आत दाब कमी होतो, आणि त्याच भेगेतून बाहेरचं घाण पाणी आत येतं. ते फक्त आपल्या टाकीत येत नाही, गल्लीभर जातं. २०१२ साली इचलकरंजीत कावीळ दूषित पाण्यातून कशी पसरली, ते तिथल्या भगिनींनी घरोघरी भोगलं आहे. त्या काविळीचे विषाणू गाळण्याच्या कापडातून आरपार जातात. गर्भवतीला तर ही कावीळ जिवावर बेतते. आणि शेजारणीच्या वाटचं पाणी मोटरने ओढून घेणं अचौर्याणुव्रतात कसं बसवायचं, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. मोटर लावायचीच असेल तर खाली टाकी करा, लाइनचं पाणी आपल्या दाबाने टाकीत पडू दे, आणि मोटर त्या टाकीवर चालवा.

गिझरबद्दल थोडक्यात, पण कान देऊन ऐका. गिझरच्या थंड पाण्याच्या नळीवर एक छोटा पितळी सेफ्टी वॉल्व असतो. पाणी तापताना त्यातून थेंब थेंब येतं. येणारच. पाणी तापलं की फुगतं, पंचवीस लिटरच्या गिझरमध्ये साधारण अर्धा लिटरभर. तेवढ्याला जागा हवी. 'गिझर गळतोय' म्हणून त्या तोंडाला एम-सील लिंपणारे, बूच ठोकणारे, वॉल्वच काढून साधा जोड लावणारे महाभाग घरोघरी आहेत. आतलं थर्मोस्टॅट ज्या दिवशी बिघडेल त्या दिवशी तो गिझर बॉम्ब होतो. थेंब पडू देत. त्याला बारीक नळी लावून बादलीत सोडा, ते पाणी फरशीला वापरा. तापत नसतानाही धार लागत असेल तर मात्र माणूस बोलवा. आणि गॅस गिझर न्हाणीघराच्या आत कधीही नको. खिडकी उघडी ठेवतो म्हणणाऱ्या थंडीत ती लावतातच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाइप जोडायच्या कामात घरच्या माणसाने शक्यतो पडू नये असं माझं मत आहे, पण पडणारे पडतातच. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो, साधा पीव्हीसी नाही. दोन्हींचं सोल्युशन वेगळं असतं. कापलेल्या तोंडाची बुरं काढायची, पाइप आतपर्यंत बसवायचा, आणि डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी सोडायचं नाही. घाईने पाणी सोडलेला जोड आज टिकतो आणि भिंत रंगवून झाल्यावर सुटतो. एम-सीलने गळती थांबते ती अशीच. चालू पाण्यावर, ओल्या पाइपावर लिंपलेलं एम-सील धरत नाही, आणि धरलं तरी आत गंज चालूच राहतो. ते दोन दिवसांची सोय म्हणून ठीक, दोन वर्षांचा उपाय म्हणून नाही.

'प्लंबर वेळेवर येत नाही, आला तर पाचशे मागतो' ही तक्रार मला मान्य आहे. म्हणूनच वॉशर, ट्रॅप, जाळी, कॉक एवढं प्रत्येकीला आलं पाहिजे. पण जो माणूस आपल्या मोरीत हात घालतो त्याच्या पाचशेवर घासाघीस करायची, आणि मंदिरातल्या बोलीत पाच हजार सहज बोलायचे, हे बरं दिसत नाही. मुलींना शिकवायचं तर पान्याचे दोन आकार, वॉशरचं माप आणि घराचा मुख्य कॉक कुठे आहे हेही शिकवा.

मुख्य कॉक. हे मात्र याच आठवड्यात कराच. तुमच्या घरातलं सगळं पाणी एकदम कुठून बंद होतं? टाकीवर, जिन्यात, न्हाणीच्या माळ्यावर? जाऊन बघा, आणि एकदा पूर्ण बंद करून परत उघडा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक गंजून बसलेला असतो. पाइप फुटल्यावर तो फिरत नाही, आणि मग टाकी रिकामी होईपर्यंत गाळलेलं-न गाळलेलं सगळं पाणी जिन्यावरून वाहत जातं. हाताने फिरत नसेल तर पान्याला लटकू नका, पिळून तुटेल. प्लंबरला बोलवा, बदलून घ्या, आणि तो काम करत असेल तेव्हा त्याला पाणी विचारा. गाळलेलं.